फडताळावरून जुळलेला स्नेह

वाचनाचा नाद असलेल्या माणसाला तालुक्याच्या गांवीं एक प्रकारचें एकाकीपण सोसावें लागतें. बारामतींत कालव्याच्या पाळीविषयीं बोलावयास मनुष्य मिळतो, उसाच्या दराविषयीं मिळतो, राजकारणाविषयीं तर तो शोधावाही लागत नाहीं. परंतु काल रात्रीं जें पुस्तक संपविलें आणि ज्यानें पहाटेपर्यंत डोळा लागूं दिला नाहीं, त्याविषयीं चार शब्द बोलावेसे वाटले तर समोर कोणी नसतें. मौज अशी कीं, तेंच पुस्तक वाचून तसाच अस्वस्थ झालेला दुसरा एकादा मनुष्य दोन गल्ल्या पलीकडे राहत असतो. नाहीं तर पन्नासएक किलोमीटरांवर, इंदापुरास. भवानीनगर, लासुर्णें, निमगांव केतकी ह्या रस्त्यानें दोघेही एकाच एस्. टी. गाडींतून कितीदां तरी गेलेले असतात. पण वाचनाची आवड कांहीं कपाळावरच्या गंधासारखी दिसत नाहीं, आणि म्हणून शेजारीं बसूनही ते परकेच राहतात.

पूर्वीं ही आवड ओळखण्याची एक खूण असे, आणि जुन्या वाचनालयांच्या सभासदांना ती चांगली आठवत असेल. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक चिठ्ठी डकविलेली असावयाची. तीवर पुस्तक नेल्याची तारीख आणि पुष्कळ ठिकाणीं नेणाऱ्याचा सभासद-क्रमांकही लिहिलेला असे. एकाद्याला असें आढळून यावें कीं, आपण जें जें पुस्तक नेतों तें तें आपल्याआधीं दोन महिने क्रमांक २१२ च्या सभासदानें नेलेलें आहे. हा २१२ कोण? ग्रंथपालास विचारावें तर तो चष्म्यावरून रोखून पाहणार. तरी एकाद्या सायंकाळीं, मासिकांच्या टेबलापाशीं धीर करून विचारलेंच, तर त्यांतून जन्मभर पुरेल असा एक स्नेह जुळून येई. पुढें संगणक आले आणि ती चिठ्ठी बहुतेक ठिकाणीं गेली. नोंद राहिली, परंतु ती कचेरीच्या यंत्रांत राहिली, वाचकाच्या दृष्टीस पडेनाशी झाली.

तीच चिठ्ठी आतां निराळ्या रूपानें परत आलेली आहे, आणि तिचा उपयोग कसा करून घ्यावा हें सांगावें, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतु आहे. इंटरनेटवर अशीं कांहीं स्थळें आहेत कीं, जेथें वाचक आपल्या पुस्तकांची यादी मांडून ठेवतो आणि ती कोणाही दुसऱ्या वाचकाला पाहतां येते. त्यांपैकीं लायब्ररीथिंग हें स्थळ अमेरिकेंतील टिम स्पॉल्डिंग ह्या गृहस्थांनीं २००५ सालीं सुरू केलें. गुडरीड्स हें त्याहून अधिक लोकप्रिय झालेलें स्थळ ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी ह्यांनीं २००७ च्या आरंभीं लोकांस खुलें केलें. २०१३ सालीं तें अ‍ॅमेझॉन कंपनीनें विकत घेतलें. नादिया ओडुनायो ह्यांचें स्टोरीग्राफ हें स्थळ त्या मानानें नवें, म्हणजे २०१९ पासूनचें. ह्या सर्वांची मूळ रीत एकच आहे. आपण आपल्या नांवाचें एक खातें उघडावें, आणि एकेक पुस्तक शोधून तें आपल्या फळीवर ठेवावें. पुस्तक अर्थात् आपल्या घरींच राहतें; तेथें जातें तें त्याचें नांव.

गुडरीड्सवर अशा मुख्य फळ्या तीन असतात. एक वाचून झालेल्या पुस्तकांची, दुसरी सध्यां हातीं असलेल्या पुस्तकांची, आणि तिसरी पुढें वाचावयाच्या पुस्तकांची. त्यांतली तिसरी फळी मला फार बोलकी वाटते. पहिल्या फळीवर शाळेनें, परीक्षेनें किंवा भेट देणाऱ्या मामानें लादलेलीं पुस्तकें पुष्कळ असतात. तिसरीवर मात्र माणसाची भूक दिसते. आणि स्नेह जुळावयाचा तो पुष्कळदां समान भुकेवरच जुळतो.

आतां दोन वाचकांची ओळख ह्या फळ्यांवरून कशी होते तें पाहूं. यंत्र प्रथम मोजदाद करतें: अमक्याच्या फडताळांतील किती पुस्तकें तमक्याच्या फडताळांत आहेत? ही मोजदाद सोपी आहे, पण नुसती मोजदाद फसवी असते. समजा, बारामतीच्या एका वाचकाच्या फडताळांत २०० पुस्तकें आहेत, आणि दुसऱ्या कोणाच्या फडताळाशीं त्यांतलीं ४० जुळतात. आंकडा मोठा खरा. पण त्या ४० त ‘श्यामची आई’, ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘व्यक्ति आणि वल्ली’ ह्यांसारखीं, मराठी घरांत हटकून आढळणारीं पुस्तकेंच असलीं, तर त्यावरून निष्पन्न काय होतें? दोघेही मराठी वाचणारे आहेत, एवढेंच. उलट एकाद्या तिसऱ्या वाचकाशीं अवघीं सहा पुस्तकें जुळतात. पण त्या सहांत उद्धव शेळके ह्यांची ‘धग’ आहे, रा. रं. बोराडे ह्यांची ‘पाचोळा’ आहे, आणि मोरोपंतांच्या केकावलीची एक जुनी सटीप आवृत्ति आहे. हा मनुष्य कोण, हें जाणून घेण्याची उत्कंठा आपणांस लागलीच पाहिजे.

म्हणून शहाणी रीत अशी कीं, पुस्तकाला त्याच्या दुर्मिळतेप्रमाणें वजन द्यावें. एक पुस्तक हजार फडताळांत असेल तर त्याचें वजन हजारांत एक धरावें. दुसरें दहाच फडताळांत असेल तर दहांत एक. अशा हिशेबानें एक दुर्मिळ पुस्तक जुळणें हें शंभर प्रचलित पुस्तकें जुळण्याच्या तोडीचें ठरतें. प्रत्येक स्थळाचें नेमकें गणित निराळें असतें. परंतु लायब्ररीथिंगवर आपल्याशीं जुळणाऱ्या वाचकांची यादी साध्या मोजणीनेंही पाहतां येते आणि अशा वजनानेंही पाहतां येते. दोन्ही याद्या शेजारीं ठेवून पाहाव्या. पहिलींत मोठमोठीं फडताळें वर येतात, कारण ज्याच्यापाशीं पांच हजार पुस्तकें आहेत त्याचें कोणाशींही कांहींना कांहीं जुळणारच. दुसरींत आपल्या जातकुळीचीं माणसें वर येतात.

ह्या गणितावर एक आक्षेप मात्र येतो, आणि तो आमच्या ह्या रस्त्यावरच उभा आहे. आषाढी वारींत तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णें, निमगांव केतकी ह्या वाटेनें इंदापुरास जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या सहस्रावधि माणसांपाशीं वाङ्मय काय तें एक: गाथा. वजनाच्या वरील हिशेबानें गाथेची किंमत जवळजवळ शून्य ठरावी, कारण ती सर्वांपाशीं आहे. पण बेलवाडीचें गोल रिंगण आटोपल्यावर झाडाखालीं टेकलेला एक वारकरी अभंगाचा पहिला चरण म्हणतो, आणि कधीं न पाहिलेला दुसऱ्या गांवचा मनुष्य पुढचा चरण उचलतो. तेवढ्यावर दोघे एका पानावर भाकरी खातात. तेव्हां पुस्तक प्रचलित आहे म्हणून तें मैत्रीस निरुपयोगी, असें मुळींच नाहीं. तें कोणीं कसें वाचलें हें कळलें पाहिजे, आणि तें यंत्राच्या मोजणींत येत नाहीं.

त्यासाठीं फळीवरच्या पुस्तकाखालीं टिपण लिहिण्याची सोय असते. माझ्या मतें ह्या साऱ्या उद्योगांतील सार तें हेंच. पुष्कळ वाचक टिपण लिहीत नाहींत. पांचांपैकीं चार चांदण्या देऊन मोकळे होतात. चांदण्यांवरून पुस्तक कसें आहे तेंही कळत नाहीं आणि वाचणारा कसा आहे तेंही कळत नाहीं. एक उदाहरण घेऊं. विश्वास पाटील ह्यांची ‘झाडाझडती’ ही धरणग्रस्तांवरील कादंबरी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली आणि तिला साहित्य अकादमीचें पारितोषिकही मिळालें. ती महाराष्ट्रभर वाचली गेली. पण इंदापूर तालुक्यांत ती निराळी वाचली जाते. भीमेवरचें उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि नदीकांठच्या कित्येक गांवांना आपल्या जुन्या जागा सोडून वर यावें लागलें. उन्हाळ्यांत पाणी हटलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ अजून डोकें वर काढतें. ज्याच्या आजोबांचें घर त्या पाण्याखालीं आहे, त्यानें ह्या कादंबरीखालीं लिहिलेल्या दोन साध्या ओळी दहा परीक्षणांपेक्षां अधिक सांगून जातील. आणि तिकडे कोयनेच्या किंवा पानशेतच्या बाजूला ज्याचें घर असेंच गेलेलें आहे, त्याला त्या दोन ओळींतून आपला मनुष्य सांपडेल. पुस्तक तेंच, चांदण्याही कदाचित् तितक्याच. ओळख पटली ती ओळींवरून.

समान वाचनाचा स्नेह ह्या भूमीला नवा नाहीं. पन्हाळ्यास १७२९ सालीं जन्मलेले मोरोपंत बारामतीस येऊन राहिले, बाबूजी नाइकांच्या आश्रयानें त्यांनीं आपलें प्रचंड काव्य येथेंच रचलें, आणि १७९४ सालीं येथेंच त्यांचें देहावसान झालें. त्यांची कविता पंडिती. ती पोथींतून पंडितांपर्यंतच जावयाची. सोलापूरचे शाहीर रामजोशी हे लावणीचे धनी. परंपरा असें सांगते कीं, पंतांच्या आर्या रामजोश्यांनीं आपल्या कीर्तनांतून गावयास घेतल्या, त्या लोकांच्या तोंडीं रुळविल्या, आणि ह्या दोन अगदीं भिन्न प्रकृतीच्या कवींमध्यें मोठा आदरभाव नांदला. बारामती आणि सोलापूर ह्यांच्या वाटेवर इंदापूर लागतें. त्या वाटेनें तेव्हां पोथ्या हातानें नकलून घेतल्या जात, आणि पोथी नकलावयास देणें ही विश्वासाची मोठी खूण मानली जाई. आज नांवाची यादी क्षणांत जगापुढें मांडतां येते. तेव्हां एका ग्रंथाची ओळख करून घ्यावयास महिनेच्या महिने लागत. त्या संथपणाचा लाभ असा कीं, कोणाकडे काय आहे हें कळेपर्यंत तो मनुष्य कसा आहे हेंही कळून चुके.

आतां मराठी वाचकाला ह्या स्थळांवर जी विशेष अडचण येते तिच्याकडे वळतों. हीं स्थळें पुस्तक ओळखतात तें मुख्यत्वें त्याच्या क्रमांकावरून. पुस्तकांना आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याची पद्धति १९७० च्या सुमारास जगभर रूढ होऊं लागली. २००७ पासून हा क्रमांक तेरा आंकडी झाला. साहजिकच त्यापूर्वींच्या मराठी पुस्तकांना क्रमांक नाहीं, आणि त्यानंतरच्याही कित्येक पुस्तकांना प्रकाशकांनीं तो घेतलेला नाहीं. मग वाचक पुस्तकाचें नांव स्वतः लिहितो. आणि येथें घोटाळ्यास आरंभ होतो. आचार्य अत्र्यांचें ‘कऱ्हेचें पाणी’ घ्या. कऱ्हा ही बारामतीचीच नदी. सासवडाकडून येऊन, मोरगांवच्या मयूरेश्वराला वळसा घालून ती बारामतीवरून जाते आणि सोनगांवापाशीं नीरेला मिळते. बारामतीच्या वाचकाच्या फडताळांत हें आत्मचरित्र असणारच. पण त्यांतलें ‘ऱ्ह’ हें अक्षर रोमन लिपींत लिहावयाचें कसें? कोणी एक र लिहितो, कोणी दोन. कोणी ह पुढें घेतो, कोणी य घालतो. शिवाय ग्रंथ अनेक खंडांचा. कोणी खंडवार नोंद करतो, कोणी साऱ्यांची एकत्र. परिणाम असा होतो कीं, एकच ग्रंथ चार निरनिराळ्या नांवांनीं चार ठिकाणीं बसतो, आणि तो ज्यांच्यापाशीं आहे ते चौघे वाचक यंत्राच्या दृष्टीनें एकमेकांस सर्वस्वीं अपरिचित राहतात.

ही हानि लहान समजूं नये. दुर्मिळ पुस्तकच स्नेह जुळविण्यास सर्वांत उपयोगी, हें आपण पाहिलें. आणि नेमक्या त्याच पुस्तकांची नोंद सर्वांत विस्कळित आहे. इंग्रजी वाचणाऱ्या बारामतीकराला सात समुद्रांपलीकडचा समानधर्मा एका रात्रींत भेटतो, आणि मराठी वाचणाऱ्या बारामतीकराला इंदापूरचा मनुष्य भेटत नाहीं, असा विलक्षण प्रकार ह्यामुळें घडतो. ह्यावर उपाय आहे, तो मात्र कष्टाचा आहे. नांव देवनागरींत लिहावें. मुखपृष्ठावर छापलें असेल तसेंच लिहावें. लेखकाचें नांव आद्याक्षरांनीं न लिहितां पूर्ण लिहावें. प्रकाशक व आवृत्तीचें वर्ष घालावें. नवी नोंद करण्यापूर्वीं जुनी आहे काय हें दोन-तीन तऱ्हांनीं शोधून पाहावें. एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या नोंदी जोडण्याची सोय लायब्ररीथिंगवर सभासदांना आहे. गुडरीड्सवर तें काम परवानगी मिळविलेले स्वयंसेवक करतात, त्यांस विनंती करावी लागते. शंकर गणेश दाते ह्यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि गांवोगांवचीं ग्रंथालयें धुंडाळून तयार केली. त्या मानानें आपल्याला आपल्या एका फडताळाचीच सूचि नीट करावयाची आहे.

नोंदी झाल्या, एकादें फडताळ आपल्या फडताळाशीं जुळलें, टिपणेंही मनास भावलीं, पुढें काय? पहिलें पत्र पुस्तकाविषयीं असावें. आपण कोण, कोठले, काय करतां, हे प्रश्न आपल्याकडे पहिल्या भेटींतच विचारले जातात. ते येथें मागें ठेवावे. “आपण पाचोळ्याविषयीं जें लिहिलें आहे तें वाचलें, मला शेवट निराळा जाणवला,” एवढेंही पुष्कळ होतें. उत्तर आलें तर आलें. न आलें तर पुन्हां पुन्हां लिहून त्या माणसास त्रास देऊं नये. स्त्री-वाचकांना ह्या बाबतींत फार सोसावें लागतें. पुस्तकाचें निमित्त करून नुसती ओळख लावूं पाहणारे लोक सर्वत्र असतात. म्हणून आपलें फडताळ कोणास दिसावें हें ठरविण्याची जी सोय असते ती प्रत्येकानें प्रथमच पाहून घ्यावी. गुडरीड्सवर तें सर्वांस, केवळ सभासदांस, किंवा केवळ आपण स्वीकारलेल्या मित्रांस दिसेल असें ठेवतां येतें. घरचा पत्ता आणि दूरध्वनीचा क्रमांक तेथें लिहिण्याचें कांहींएक कारण नाहीं. प्रत्यक्ष भेट ठरली तर ती वाचनालयांत ठरवावी. दोन वाचकांना बसावयास त्याहून योग्य जागा नाहीं, आणि तेथें चार माणसेंही असतात.

भेटीनंतर पुस्तकांची देवघेव सुरू होते, आणि आजवर जितके स्नेह पुस्तकांनीं जुळविले तितकेच न परतलेल्या पुस्तकांनीं मोडले असतील. देतांना वहींत नोंद करावी. मित्र असला तरी करावी. मित्र असला तर विशेषच करावी.

एका गोष्टीविषयीं सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. हीं फडताळें आपलीं दिसतात, पण तीं ज्या भिंतीला टांगलेलीं असतात ती भिंत परक्या कंपनीची असते. शेल्फारी नांवाचें असेंच एक स्थळ होतें. २००६ सालीं तें निघालें, २००८ सालीं अ‍ॅमेझॉननें घेतलें आणि २०१६ सालीं बंद केलें. सभासदांना आपल्या याद्या गुडरीड्सवर हलविण्याची मुभा मिळाली हें खरें. तरी घर बदलल्यावर शेजार तोच राहत नाहीं. म्हणून आपली यादी अधूनमधून उतरवून स्वतःपाशीं ठेवावी. तशी सोय ह्या स्थळांवर असते. आणखी एक खोड ह्या स्थळांनीं लावली आहे ती वार्षिक संकल्पाची. वर्षांत पन्नास पुस्तकें वाचीन, असा संकल्प सोडावयाचा आणि आंकडा पुरा झाला कीं नाहीं तें मित्रांनीं पाहावयाचें. ह्यापायीं लोक बारीक बारीक पुस्तकें वाचूं लागतात. ज्याला ‘स्मृतिचित्रें’ सावकाश, महिनाभर पुरवून वाचावयाचें आहे, त्यानें ह्या फंदांत पडूं नये.

यंत्राचें साहाय्य न घेतां फडताळें सामाईक करण्याचे प्रयोगही महाराष्ट्रांत झालेले आहेत, त्यांचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. पांचगणीजवळच्या भिलार गांवांत ४ मे २०१७ रोजीं पुस्तकांचें गांव सुरू झालें. तेथें आरंभीं पंचवीस ठिकाणीं, त्यांतलीं बरींचशीं लोकांचीं राहतीं घरें, पुस्तकें मांडण्यांत आलीं. वाटसरूनें ओसरीवर बसून वाचावें, आणि घरच्या माणसांनीं त्याला पाणी विचारावें. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें विनायक रानडे ह्यांच्या पुढाकारानें २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारीं’ ही योजना चालविली. तींत पुस्तकांची भरलेली पेटी वाचकांच्या एका गटाकडे सोंपविली जाते, आणि कांहीं महिन्यांनीं ती दुसऱ्या गटाच्या पेटीशीं बदलली जाते. दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी कुटुंबांपर्यंतही ह्या पेट्या गेल्या. पेटीमुळें एकाच इमारतींत वर्षानुवर्षें राहणाऱ्या माणसांना प्रथमच एकमेकांच्या घरांत जाण्यास कारण मिळतें. फडताळ पडद्यावर असो वा पेटींत, काम तें हेंच करतें.

ज्या कोणाला ह्या मार्गानें आरंभ करावयाचा असेल त्यानें सारें कपाट एकदम चढविण्याची घाई करूं नये. प्रथम दहाच पुस्तकें निवडावीं. तीं सर्वांत थोर असण्याची जरूरी नाहीं, पण दुसऱ्याकडे सहसा न दिसणारीं आणि आपल्या अंतःकरणाशीं लागलेलीं असावीं. प्रत्येकाखालीं दोन ओळी लिहाव्या. गांवाचें नांव बारामती किंवा इंदापूर एवढेंच द्यावें. आणि वाचावयाच्या पुस्तकांच्या फळीवर एक तरी पुस्तक असें ठेवावें कीं, जें आपण वर्षानुवर्षें शोधीत आहों आणि जें कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. इंदापुरांतल्या कोणाच्या तरी माळ्यावर, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं, तें असण्याचा पुष्कळ संभव आहे.